हिवाळ्यात जनावरं भादरायची कशी: नव्याने गोठा घातलेल्यांसाठी

दिवाळी सरली की गोठ्यातल्या जनावरांच्या अंगावरचे केस बदलायला लागतात. संकरित गाईची लव दाट होते, म्हशीचे केस लांब आणि राठ दिसतात, पारडं तर अंगभर केसाळ होतं. थंडी पडण्याची वाट जनावराचं अंग पाहत नाही. दिवस लहान व्हायला लागले की केस वाढू लागतात. मग महिनाभरात त्या केसांत शेण अडकतं, त्याचे पोपडे होतात, उवा पडतात, आणि कासेवरचे केस दुधाच्या बादलीत यायला लागतात. नागपूरजवळच्या हिंगणा, कळमेश्वर, कामठी या भागांत नव्याने दुधाचा धंदा सुरू केलेली तरुण मंडळी याच दिवसांत विचारतात की जनावरं आता भादरायची का, आणि भादरायची तर कशी.

माझं उत्तर असं. कास, मांड्यांच्या आतला भाग, पोटाची खालची बाजू आणि शेपटीचा गोंडा यांचे केस आत्ताच, डिसेंबर उजाडण्याच्या आत कमी करा. अख्खं जनावर मात्र संक्रांत होऊन थंडी उतरल्याशिवाय भादरू नका. असं का, आणि हे काम हाताने कसं करायचं, ते पुढे सविस्तर लिहितो.

आधी थंडीचा हिशोब

नागपूर म्हटलं की लोकांना उन्हाळाच आठवतो, पण इथला हिवाळाही जनावराला सोसावा लागतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत खाली गेला होता. अशी रात्र रोज येत नाही, पण उत्तरेकडून मध्य प्रदेशावरून गार वारं सुटलं की आठ-दहा अंशांच्या रात्री सलग येतात. त्याच दिवशी दुपारी मात्र सव्वीस-सत्तावीस अंश असतात. म्हणजे जनावराला एकाच दिवसात दोन ऋतू काढावे लागतात.

लांब आणि कोरडे केस अंगाजवळ हवेचा थर धरून ठेवतात, आणि तीच जनावराची ऊब. कोरडे, दाट हिवाळी केस असलेली मोठी गाय शून्याखालची थंडीसुद्धा झेपवते. त्याच गाईचे केस भादरलेले किंवा भिजलेले असले, तर साधारण पंधरा अंशांच्या खाली गेल्यावर तिला अंग गरम ठेवण्यासाठी जास्तीची वैरण जाळावी लागते. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीतली बहुतेक प्रत्येक रात्र त्या पंधरा अंशांच्या खाली असते. तुम्ही डिसेंबरात पूर्ण भादरलेल्या गाईला घातलेली ढेप, म्हणजे पेंड, दुधात कमी आणि अंगातल्या उबेत जास्त जाते. दूध का घटलं म्हणून मग माणूस खुराक बदलत बसतो.

मोबाईलवर परदेशातल्या गोठ्यांचे व्हिडिओ पाहून अनेकांच्या मनात गोंधळ होतो. ब्रिटन-आयर्लंडमध्ये जनावरं उन्हाळाभर कुरणात असतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत रात्रंदिवस शेडमध्ये कोंडलेली असतात. एकाच छताखाली खूप जनावरं, बाहेर पाऊस, आत ओलसर ऊब. दाट केसांखाली जनावराला घाम येतो, केस ओले राहतात, आणि फुफ्फुसाचे आजार वाढतात. म्हणून तिथले शेतकरी शेडमध्ये आणतानाच पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचा पट्टा भादरून टाकतात. तिथलं ते कारण खरं आहे. आपला गोठा मात्र दिवसा तीन बाजूंनी मोकळा असतो, जनावर उन्हात बांधलेलं असतं, आणि रात्रीपुरती ताडपत्री सोडली जाते. तिथलं काम इथे तसंच्या तसं उतरवायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र तिथून घेण्यासारखी आहे. पहाटे गोठ्यात शिरल्यावर जनावराच्या पाठीवरून हात फिरवा. केस ओले लागले, पत्र्यावरून थेंब टपकत असले, नाकाला गोमूत्राचा उग्र वास झोंबला, तर तुम्ही रात्री गोठा गरजेपेक्षा जास्त बंद करताय. ताडपत्री खालून लावा आणि वरचा हातभर भाग उघडा ठेवा. वारा थेट अंगावर येऊ नये, पण वाफ वरून निघून जावी. हे न करता केस भादरून ओलावा घालवायचा प्रयत्न केला, तर आधी जनावर केसांखाली घामाने भिजत होतं, आता उघड्या कातडीवर भिजेल. गोठा कोरडा करणं हे भादरण्याच्या आधीचं काम आहे. खाली तणस किंवा कुटार घाला, रोज सकाळी ओलं काढून टाका.

कोणतं जनावर, कोणतं नाही

होल्स्टीन किंवा जर्सी रक्ताच्या संकरित गाईंना दाट केस येतात, त्यांची कास मोठी असते, आणि बसल्यावर मांड्या शेणात भरतात. अर्धवट भादरण्याचा सगळ्यात जास्त फायदा यांना होतो.

म्हशीचं गणित वेगळं आहे. मोठ्या म्हशीच्या अंगावर गाईच्या मानाने केस फारच विरळ असतात आणि घामाच्या ग्रंथीही बऱ्याच कमी. आपली लांब शिंगांची नागपुरी म्हैस असो की बाहेरून आणलेली मुऱ्हा, तिचं राठ केसांचं अंग उवांना फार आवडतं. म्हणून म्हैस भादरण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. फक्त ती भादरायची ती थंडी उतरल्यावर. विरळ का होईना, तेवढेच केस तिच्याकडे असतात.

गवळाऊ गाय-बैलांना मशीन लावायची गरज सहसा पडत नाही. त्यांचे केस मुळातच आखूड आणि अंगाला चिकटून असतात. रोज खरारा करा, तेवढं पुरतं.

वासरं आणि पारडी हिवाळ्यात अजिबात भादरू नका. तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला पंधरा अंशांच्या खालीच थंडी बाधायला लागते, आणि त्याच्याकडे जाळायला चरबीही नसते. पारडाच्या अंगावर उवा दिसल्या म्हणून त्याला डिसेंबरात बोडकं करणारे लोक आहेत. उवांवर औषध आहे. थंडीने धरलेलं पारडू मात्र हाताला लागत नाही.

व्यायला महिनाभरापेक्षा कमी दिवस राहिलेली, नुकतीच व्यायलेली, ताप असलेली, खोकणारी जनावरं बाजूला ठेवा. अंगावर लम्पीच्या गाठी किंवा त्यांच्या भरत आलेल्या जखमा असतील, तर तिथे मशीन नेऊ नका. २०२२ मध्ये राज्यभर लम्पी पसरला तेव्हा गाठींची निगा राखताना किती जपावं लागतं, ते अनेकांनी पाहिलं आहे. अंगावर गोल, राखाडी, खरबरीत चट्टे दिसले तर ते गजकर्ण असण्याची शक्यता मोठी. ते मशीनच्या पात्यावरून दुसऱ्या जनावराला लागतं आणि माणसालाही लागतं. आधी डॉक्टरांना दाखवा, भादरणं नंतर.

सामान

जनावरांसाठीचं क्लिपर वेगळं मिळतं. माणसाच्या केसांचं मशीन म्हशीच्या केसांत दोन मिनिटांत गरम होऊन बसतं. क्लिपरला दोन पाती असतात. खालचं स्थिर राहतं आणि कातडीवरून सरकतं, वरचं डावी-उजवीकडे हलतं आणि कापतं. गाई-म्हशींच्या कामाला दोन-तीन मिलिमीटर केस मागे ठेवणारी पाती घ्या. कातडीपर्यंत तासणारी बारीक पाती शस्त्रक्रियेच्या जागेसाठी असतात, ती गोठ्यात नकोत.

पाच-सात जनावरं असतील तर बॅटरीवर चालणारं मशीन पुरतं, आणि नवख्या माणसाने तेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. वायर पायात येत नाही, आणि ओल्या फरशीवर विजेची भीती राहत नाही. गाई-म्हशींना विजेचा झटका माणसापेक्षा लवकर आणि जोरात बसतो. विजेवरचं मशीन घ्यायचंच असेल, तर आधी गोठ्याच्या लाईनवर तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाईन लगेच तोडणारं उपकरण, बसवून घ्या. वायर वरून, वाशावरून आणा. जमिनीवरून नको.

याशिवाय मशीनचं पातळ तेल, जुना टूथब्रश, खरारा, बोथट टोकाची कात्री, मोरकी आणि दोन मजबूत दोर हवेत. स्पिरिट, कापूस, जखमेवर लावायचं मलमही हाताशी ठेवा. गोणपाटाच्या किंवा जुन्या सतरंजीच्या झुली आधीच शिवून ठेवा. भादरून झाल्यावर झूल शोधत फिरायची वेळ येऊ नये.

दिवस आणि वेळ निवडणं

कास-शेपटीचं काम कोणत्याही कोरड्या दिवशी होतं. पूर्ण भादरण्यासाठी मात्र जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून पुढचा दिवस निवडा. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहा. पुढचे चार-पाच दिवस रात्रीचा पारा चढता असेल आणि पावसाचा इशारा नसेल, तरच हात घाला. विदर्भात फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारा येतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. नुकतंच भादरलेलं जनावर त्या पावसात भिजलं, तर निमोनिया दूर नाही.

वेळ सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यानची. सकाळचं दूध काढून झालेलं, कास मोकळी, ऊन अंगावर आलेलं. संध्याकाळी काम सुरू करून अंधारात संपवायचं नाही.

आदल्या दिवशी दुपारी, ऊन असताना, शेणाचे पोपडे कोमट पाण्याने भिजवून सोडवून घ्या. ते ओढून काढले की कातडी सोलते आणि जनावर दुसऱ्या दिवशी तुम्हाला जवळ येऊ देत नाही. मग खरारा करून धूळ-माती झाडा. भादरताना अंग पूर्ण कोरडं हवं. ओले किंवा मातीने भरलेले केस पात्याची धार एका जनावरातच घालवतात. तुमचं मशीन केस कापायच्या ऐवजी ओढत असेल, तर दहापैकी नऊ वेळा दोष मातीचा असतो.

आवाजाची ओळख

मशीनच्या घरघरीला जनावर घाबरतं. ते आवाजापेक्षा अंगावरच्या थरथरीला जास्त दचकतं, म्हणून या दोन्हींची ओळख वेगवेगळी करून द्या. दोन-तीन दिवस आधीपासून, जनावर गव्हाणीत ढेप खात असताना, दहा पावलांवर मशीन चालू करून ठेवा. कान टवकारून पुन्हा खायला लागलं की जवळ या. मग मशीनची पाठ, म्हणजे पाती नसलेली बाजू, हाताच्या पंजाखाली धरून त्याच्या खांद्यावर टेकवा. मधे तुमचा ओळखीचा हात असतो, त्यामुळे थरथर त्याला सोसते. पहिलारू गाय-म्हैस या दोन-तीन दिवसांत इतकी शांत होते की कामाचा निम्मा वेळ वाचतो. घाई असलेला माणूस नेमकं हेच टाळतो आणि मग चार जणांनी धरून, वेसण पिळून काम उरकतो. असं धरलेलं जनावर पुढच्या वर्षी मशीन दिसताच दावं तोडतं, आणि त्या संध्याकाळी पान्हाही चोरतं.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी गावात खोडा असेल तर त्यात घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आवारात बहुधा खोडा असतो, विचारून वापरता येतो. नसेल तर मोरकी घालून गव्हाणीजवळ आखूड बांधा, एक बाजू भिंतीला लावा, आणि जनावराच्या ओळखीचा माणूस डोक्याशी उभा करा. गाठ अशी घाला की एका झटक्यात सुटेल. खाली फरशी असेल तर त्यावर माती किंवा कुटार पसरा, घसरून पडलेल्या गाभण गाईचं नुकसान भरून येत नाही. तुम्ही स्वतः खांद्याशी किंवा मांडीला अगदी टेकून उभे राहा. लाथेचा जोर हातभर अंतरावर सगळ्यात जास्त असतो.

मशीन चालवणं

पाती बसवताना वरच्या पात्यावरचा ताण नीट लावणं हे सगळ्यात महत्त्वाचं. ताणाचं बटण कमी घट्ट असेल तर केस दोन पात्यांच्या मधे शिरून अडकतात, जास्त घट्ट असेल तर पाती तापतात आणि लवकर झिजतात. किती फेरे ते मशीनसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं, तो कागद फेकू नका. चालू करण्याआधी पात्यांवर तेलाचे थेंब सोडा. काम करताना दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून ब्रशने केस झाडा आणि पुन्हा तेल घाला. पातं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. तुम्हाला चटका लागला तर जनावरालाही लागतोय. तापलेलं पातं कातडीवर लाल पट्टे उठवतं, आणि म्हशीच्या काळ्या कातडीवर ते लगेच दिसतही नाहीत, दोन दिवसांनी खपल्या धरल्या की कळतं.

सुरुवात खांद्यापासून करा. तिथली कातडी सपाट आणि कमी हुळहुळी असते. खालचं पातं कातडीला आडवं टेकलेलं ठेवा आणि केसांच्या उलट दिशेने, मागून पुढे, सलग लांब हात घ्या. पात्याचं टोक कातडीत रोवायचं नाही. दुसरा हात घेताना पहिल्या पट्ट्यावर बोटभर चढवून घ्या, म्हणजे मधे रेघा राहत नाहीत. मशीन दाबायचं नसतं, ते स्वतःच्या वजनाने जातं. दाबावं लागतंय म्हणजे धार गेली आहे.

खांदा, बरगड्या, पाठ, मग मागचा भाग, असं जा. भोवरा आला की केसांची दिशा चहूकडे फिरते, तिथे मशीनही दोन-तीन बाजूंनी फिरवावं लागतं. वशिंड, कण्याची हाडं, कमरेचं खुब्याचं हाड या उंचवट्यांवर हात हलका करा. भकाळीची (शेवटची बरगडी आणि खुबा यांच्या मधल्या खोलगट भागाची) आणि मांडीसमोरची कातडी सैल असते. तिथे डाव्या हाताने कातडी ताणून धरल्याशिवाय पातं लावू नका, कापण्याच्या बहुतेक जखमा तिथेच होतात. गळ्याखालच्या पोळीचंही तसंच, आणि तिच्या घड्यांत गोचीड दडलेले असतात म्हणून ती सोडूनही चालत नाही.

कानांच्या आतले केस ठेवा, ते किडे आत जाऊ देत नाहीत. कानातला बारा अंकी बिल्ला मशीनच्या वाटेत येतो, तो बोटाने बाजूला धरा. डोळ्यांभोवतीचे केसही ठेवावेत.

जनावर धापा टाकायला लागलं, डोळे पांढरे करायला लागलं, सतत शेण टाकायला लागलं, तर मशीन बंद करा. अर्धं अंग आज आणि अर्धं उद्या झालं तरी बिघडत नाही.

कास आणि शेपूट

हे काम नोव्हेंबरातच करायचं, आणि दुधाच्या दृष्टीने सगळ्यात जास्त मोल याचंच आहे. कासेवरच्या लांब केसांना शेण चिकटतं, दूध काढताना ते सडावरून बादलीत उतरतं, आणि तीच घाण सडाच्या छिद्रातून आत गेली की दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार, होते. केस आखूड असले की कास धुवायला पाणी कमी लागतं आणि ती लवकर कोरडी होते. थंडीच्या पहाटे ओल्या कासेवर वारा लागून सडांना भेगा पडतात, त्याही कमी होतात.

कासेच्या मागच्या बाजूने, वरून सुरू करा. एका हाताने कातडी ताणा आणि पातं सडांपासून दूर जाईल अशा दिशेने ठेवा. सडांवर केस नसतातच, तिथे मशीनचं कामच नाही. पोटाच्या खाली कासेपासून पुढे जाणारी जाड, नागमोडी दुधाची शीर आधी हाताने चाचपून घ्या. तिच्यावर पातं न्यायचं नाही. ती कापली गेली तर रक्त थांबवणं घरच्या माणसाच्या हातचं राहत नाही. कासेच्या पुढचे केस लांब वाटले तर त्या शिरेच्या आसपास बोथट कात्रीने कमी करा. मांड्यांच्या आत आणि कासेच्या वरच्या भागात मात्र मशीन छान चालतं.

कासेचे केस ज्योतीने जाळण्याची पद्धत बाहेरदेशी आहे, त्याचीही चित्रं फिरत असतात. आपल्या गोठ्यात खाली तणस, वर गंजी. ते करू नका.

शेपटीचा गोंडा पूर्ण बोडका करायचा नाही. नागपूरच्या गोठ्यात माशा आणि डास हिवाळ्यातही असतात, आणि जनावराकडे त्यांच्यासाठी एवढं एकच हत्यार आहे. आधी चाचपून शेपटीच्या हाडाचं टोक शोधा. त्याच्या खाली चार बोटं केस ठेवून उरलेला शेणाने जड झालेला गोंडा कात्रीने सरळ कापा. शेपूट मुठीत धरून, मूठ हाडाच्या टोकाच्या खाली ठेवून कापलं की हाडाला इजा होत नाही. शेपटीच्या मुळाशी, आतल्या बाजूला गोचीड बसतात. तिथले केस मशीनने आखूड केले तर ते लगेच नजरेस पडतात.

उवा आणि गोचीड

थंडीत उवा वाढायला कारणं आहेत. केस लांब, जनावरं एकमेकांना खेटून बसलेली, ऊन कमी. उवेची लीख केसाला घट्ट चिकटलेली असते. केस कापले की लिखाही जातात, आणि कातडीवर ऊन पडलं की उरलेल्या उवांना तिथे राहणं अवघड होतं. पण सगळ्या जात नाहीत. औषधाने जिवंत उवा मरतात, लिखा मरत नाहीत, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी, नव्या उवा फुटल्यावर आणि त्यांनी अंडी घालण्याच्या आत, औषध पुन्हा लावावं लागतं. हा दुसरा हात चुकवला म्हणून दरवर्षी उवा परततात.

गोचीड वेगळा. तो आयुष्याचा बराच भाग भिंतीच्या भेगांत आणि गव्हाणीच्या फटीत काढतो. जनावर कितीही भादरा, त्या फटी सिमेंटने बुजवल्या नाहीत तर गोचीड पुन्हा चढणार.

औषध कोणतं आणि किती, ते पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा. भादरल्या दिवशी फवारा मारू नका, बारीक ओरखड्यांतून ते आग करतं आणि अंगात जातं. दुभत्या जनावराला दुकानातून आणून आयव्हरमेक्टिन टोचू नका, ते दुधात उतरतं. शासनाच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. अवघड प्रकरण असेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्या. २००० मध्ये स्थापन झालेल्या माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही नागपुरातच आहे.

उस्तऱ्याने भादरणारे

गावोगाव फिरून म्हशी भादरणारे कारागीर आहेत, आणि त्यांचा हात बघण्यासारखा असतो. पाणी लावून, उस्तऱ्याने, म्हैस ते काळी कुळकुळीत करून देतात. त्यांना बोलवायला माझी हरकत नाही, पण दोन गोष्टी पाळा. पातं दर जनावराला नवीन हवं, आणि ते पाकीट तुमच्यासमोर उघडलेलं असावं. रक्त लागलेल्या पात्यातून रक्तातले काही आजार एका जनावरातून दुसऱ्यात जातात, आणि हा माणूस सकाळपासून दुसऱ्या गोठ्यांत फिरून आलेला असतो. दुसरी गोष्ट, उस्तऱ्याने कातडी पूर्ण उघडी होते आणि अंगही ओलं होतं, म्हणून हे काम फेब्रुवारीच्या उन्हात, दुपारीच करून घ्या.

त्या रात्री आणि पुढचा आठवडा

काम झालं की कोरड्या फडक्याने अंग पुसा आणि जनावर तासभर उन्हात बांधा. बारीक चिरा पडल्या असतील तर स्वच्छ करून मलम लावा. कोरडी कातडी मऊ राहावी म्हणून तेलाचा हात फिरवायचा असेल तर तो दुसऱ्या दिवशी. कडुनिंबाचं तेल ताज्या ओरखड्यांवर झोंबतं, आधी साधं जवसाचं किंवा राईचं तेल लावा.

पहिल्या चार-पाच रात्री झूल घाला. सकाळी ऊन आलं की काढा, नाहीतर आत घाम धरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. झूल ओली झाली तर तशीच घालण्यापेक्षा न घातलेली बरी. संध्याकाळची सुकी वैरण थोडी वाढवा, कारण कडबा-कुटार पोटात आंबताना ऊब तयार होते. रात्री खालचं अंथरूण नेहमीपेक्षा जाड ठेवा. पहाटे जनावर पाठ कमानीसारखी करून, चारही पाय पोटाखाली ओढून उभं असेल, केस ताठ असतील, तर त्याला थंडी वाजतेय. दोन दिवसांत खोकला, नाकातून घट्ट पाणी किंवा चारा सोडणं दिसलं तर थांबू नका, डॉक्टरांना बोलवा.

कापलेले केस लगेच झाडून गोळा करा. वासरं ते चाटतात आणि पोटात केसांचे गोळे होतात. उकिरड्यात केस लवकर कुजत नाहीत, म्हणून खड्डा करून पुरून टाका.

मशीन ठेवण्याआधी पाती सोडवा, केस काढा, स्पिरिटने पुसा, तेल लावून कोरड्या फडक्यात गुंडाळा. गजकर्णाचा संशय असलेल्या जनावराला चुकून मशीन लागलंच, तर पाती ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवा, मग धुऊन, सुकवून तेल लावा, नाहीतर गंजतील. धार लावायला देताना दोन्ही पाती जोडीनेच द्या.

कासेचे केस दीड-दोन महिन्यांत पुन्हा वाढतात, त्यामुळे नोव्हेंबरात केलेलं काम जानेवारीत एकदा करावं लागतं. आणि होळीनंतर म्हशीला उस्तरा लावू नका. तिला तेव्हा सावली, पाणी आणि डुंबायला जागा हवी असते. मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडी पडलेली कातडी भाजते, आणि पांढरे डाग असलेल्या संकरित गाईंच्या त्या पांढऱ्या जागा सगळ्यात आधी.